नेटवर्क ड्रायव्हरचा डेडलॉक: आरटीएनएल लॉक कोण धरून बसलंय ते कसं शोधायचं आणि कसं सोडवायचं

लक्षणं आधी. (डेडलॉक म्हणजे लॉकची वाट पाहत कामं कायमची अडकून बसणं.) लिनक्स मशीन जिवंत आहे, पिंगला उत्तरही देतंय, पण "आयपी लिंक" एवढा साधा आदेश दिला की टर्मिनल गोठतं. कंट्रोल-सीचा उपयोग नाही, किल -९ चाही नाही. नवे कंटेनर सुरू होत नाहीत, व्हीपीएन जोडलं जात नाही, आणि सीपीयू रिकामा असूनही लोड अॅव्हरेज वर वर सरकतो. रीबूट केलं की सगळं सुरळीत. मग काही दिवसांनी केबल निघते, कार्ड रीसेट होतं किंवा मशीन झोपेतून उठतं, आणि पुन्हा तेच.

पिंग चालू असतं म्हणून बरेच जण नेटवर्कवरचा संशय सोडून देतात. तिथंच फसायला होतं. पॅकेट पाठवण्या-घेण्याच्या वाटेला आरटीएनएल लॉक लागत नाही. तो लागतो रचना बदलताना: इंटरफेस चालू-बंद करणं, पत्ता देणं, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलणं, नवा व्हेथ (कंटेनरसाठीचा आभासी इंटरफेस) तयार करणं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, हा म्यूटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) एकच आहे आणि सगळ्या नेटवर्क नेमस्पेसना (कंटेनरांच्या वेगवेगळ्या नेटवर्क-जगांना) मिळून आहे. म्हणजे एका कार्डाच्या ड्रायव्हरनं तो धरून ठेवला, तर त्या कार्डाशी काडीचा संबंध नसलेले कंटेनरही रांगेत उभे राहतात. लोड चढतो तोही याच रांगेमुळे, कारण लिनक्स "डी" अवस्थेतले, म्हणजे न मोडता येणाऱ्या झोपेत वाट पाहणारे टास्कही लोडमध्ये मोजतो.

रीबूटच्या आधी

रीबूट केलं की पुरावा गेला. आधी पाच मिनिटं काढून एवढं गोळा करा.

लॉगमध्ये "ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स" असा मजकूर शोधा. १२० सेकंद ही हंग टास्क तपासणीची मूळ मर्यादा, आणि असे इशारे मूळ सेटिंगमध्ये फक्त १० वेळा छापले जातात. त्यानंतर कर्नेल गप्प बसतं. लॉग शांत झाला म्हणजे अडचण सुटली असं नव्हे. हंग_टास्क_वॉर्निंग्ज या सिसकंट्रोलमध्ये (चालू कर्नेलच्या सेटिंगमध्ये) -१ लिहिलं की मर्यादा उठते.

मग रूट होऊन /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलीत (सिसआरक्यू म्हणजे कर्नेलला थेट हुकूम देण्याची सोय) डब्ल्यू हे अक्षर लिहा. अडकलेल्या प्रत्येक टास्कचा स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं याची साखळी, लॉगमध्ये उतरतो. त्यामागोमाग एल लिहा, म्हणजे त्या क्षणी सीपीयूंवर काय चाललंय तेही मिळेल. सिसआरक्यूचं सेटिंग बंद असलं तरी या फाइलीतून रूटला हे करता येतं. ते बंधन कीबोर्डवरून येणाऱ्या संकेतांना लागू होतं. अडकलेले टास्क शेकड्यांनी असतील तर लॉगचं बफर भरून सुरुवातीचे स्टॅक पुसले जातात, आणि हवा असलेला स्टॅक बहुधा सुरुवातीलाच असतो. वारंवार अडकणाऱ्या मशीनवर बूट पर्यायांत लॉग_बफ_लेन ४ एमबी करून ठेवा. एखादाच टास्क पाहायचा तर /प्रॉकमध्ये त्याच्या पीआयडीखाली "स्टॅक" नावाची फाइल असते.

या काळात काय करू नये, तेही महत्त्वाचं. आयपी, इथटूल, आरएममॉड हे आदेश पुन्हा पुन्हा देऊ नका. प्रत्येक वेळी रांगेत एक बळी वाढतो. आरएममॉडनं तर मॉड्यूल अर्धवट उतरलेल्या अवस्थेत लटकतं. इंटरफेसची आकडेवारी हवी असेल तर /प्रॉक/नेट/डेव्ह किंवा सिसएफएसमधल्या (उपकरणांची माहिती देणाऱ्या /सिस फोल्डरातल्या) "स्टॅटिस्टिक्स" फोल्डरातल्या फाइली वाचा, त्यांना आरटीएनएल लागत नाही. मात्र त्याच जागी असलेली "स्पीड" ही फाइल टाळा. जुन्या कर्नेलांत ती वाचताना लॉक मिळाला नाही तर सिस्टिम कॉल आपोआप पुन्हा सुरू होतो, पुन्हा फसतो, पुन्हा सुरू होतो. दर दहा सेकंदांनी ही फाइल वाचणारा देखरेखीचा एजंट मग एक अख्खा सीपीयू खाऊन टाकतो, आणि लोक त्या एजंटलाच दोष देत बसतात.

नेटकन्सोल (कर्नेलचा लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवणारी सोय) वापरत असाल तर तो त्याच कार्डावरून जात नाही ना, हे पाहा. ड्रायव्हरनं स्वतःचा लॉक धरून संदेश छापला आणि नेटकन्सोल तो संदेश त्याच ड्रायव्हरमधून पाठवू लागला, तर तुम्ही नवाच डेडलॉक जन्माला घातला. अशा तपासाला सीरियल कन्सोलच बरा.

पुरावा हाती आल्यावर साधं रीबूट करायला गेलात तर तेही लटकेल, कारण सेवा बंद करताना कोणी तरी इंटरफेसला हात लावतंच. त्याच ट्रिगर फाइलीत क्रमानं एस, यू आणि बी लिहा: डिस्कवर लिखाण पोचवा, फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती करा, रीबूट करा. प्रत्येक अक्षरानंतर काही सेकंद थांबा.

स्टॅक वाचताना

लॉगमध्ये सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा टास्क बहुतेकदा निरपराध असतो. नेटवर्कमॅनेजर, सिस्टिमडी-नेटवर्कडी, कंटेनरची यंत्रणा, सगळ्यांच्या स्टॅकच्या टोकाला आरटीएनएल_लॉक दिसतं. ते नुसते वाट पाहताहेत. नेटवर्कमॅनेजरची आवृत्ती बदलून पाहणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

शोधायचा तो असा टास्क, ज्याच्याकडे आरटीएनएल आधीच आहे आणि जो दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहतोय. त्यासाठी स्टॅक खालून वर वाचा. खाली डेव्ह_ओपन, डेव्ह_क्लोज, डू_सेटलिंक किंवा अनरजिस्टर_नेटडिव्हाइस_क्यू यांपैकी काही दिसलं, तर त्या बिंदूला लॉक हातात होता असं धरा. त्याच्या वर जे फंक्शन थांबलंय, ते खरं दुखणं. स्टॅकमध्ये ज्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह असतं त्या भरवशाच्या नसतात, त्यांच्यावर निदान उभं करू नका.

कर्नेल ६.१५ किंवा त्यापुढचं असेल आणि बांधताना तो पर्याय घेतलेला असेल, तर हंग टास्कचा अहवालच म्यूटेक्सचा संभाव्य मालक सांगतो. जुन्या कर्नेलवर केडंपची प्रतिमा (कर्नेल कोसळताना घेतलेली स्मृतीची नक्कल) असेल तर क्रॅश साधनात आरटीएनएल_म्यूटेक्सचं ओनर हे क्षेत्र पाहा. त्यातल्या आकड्याचे शेवटचे ३ बिट खुणांसाठी राखीव आहेत. ते शून्य केले की उरतो तो मालक टास्कचा पत्ता. लॉकडेप (लॉकचा वापर तपासणारी कर्नेलची सोय) चालू असलेल्या कर्नेलवर सिसआरक्यूचं डी अक्षर कोणता लॉक कोणाकडे आहे याची यादीच छापतं.

कधी कधी मात्र मालक हंग टास्कच्या यादीत येतच नाही. त्याचं कारण पुढे एनएपीआयच्या (पॅकेट गटागटानं उचलण्याच्या कर्नेलच्या पद्धतीच्या) ठिकाणी येईल.

नेहमी सापडणारी दुखणी

पहिलं आणि सगळ्यात जास्त वेळा भेटणारं: बंद करताना वर्कची, म्हणजे मागं रांगेत टाकलेल्या कामाची, वाट पाहणं. ड्रायव्हरचं इंटरफेस बंद करणारं एनडीओ_स्टॉप फंक्शन आरटीएनएल धरूनच बोलावलं जातं. त्यात लेखकानं रीसेटचं काम थांबावं म्हणून कॅन्सल_वर्क_सिंक घातलेलं असतं. हे फंक्शन चालू काम पूर्ण होईपर्यंत थांबतं. आणि ते रीसेटचं काम स्वतःच पहिल्या ओळीत आरटीएनएल_लॉक मागतं. स्टॉप कामाची वाट पाहतंय, काम स्टॉपनं लॉक सोडायची वाट पाहतंय. स्टॅकमध्ये जोडी स्पष्ट दिसते: एका टास्कमध्ये डेव्ह_क्लोजवर फ्लश_वर्क, आणि एका केवर्करमध्ये (अशी कामं उरकणाऱ्या कर्नेलच्या टास्कमध्ये) ड्रायव्हरच्या रीसेट फंक्शनवर आरटीएनएल_लॉक.

हे रोज का घडत नाही? कारण रीसेटचं काम रांगेत असतानाच कोणी तरी इंटरफेस बंद करावा लागतो. ट्रान्समिट रांग अडकली की नेटवर्क वॉचडॉग ड्रायव्हरला हाक मारतो. ड्रायव्हरनं वेगळी मुदत दिली नसेल तर ही हाक ५ सेकंदांनी येते. ड्रायव्हर रीसेटचं काम रांगेत टाकतो. नेमक्या त्या वेळी एखादी स्क्रिप्ट "लिंक बिघडली, बंद करून चालू करू" म्हणून धावत आली की सापळा मिटतो. लॉगमध्ये "ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट" आणि त्यानंतर दोन मिनिटांनी हंग टास्क, असा क्रम दिसला तर निदान जवळजवळ झालंच.

दुरुस्तीला दोन वाटा. स्टॉपमधून कॅन्सल_वर्क_सिंक काढा आणि ते रिमूव्ह फंक्शनमध्ये अनरजिस्टर_नेटडेव्हनंतर, पण फ्री_नेटडेव्हच्या आधी ठेवा. अनरजिस्टरच्या आधी ठेवलं तर वॉचडॉग ते काम पुन्हा रांगेत टाकू शकतो. फ्रीनंतर ठेवलं तर मोकळी झालेली स्मृती वापरली जाते, आणि तो डेडलॉकपेक्षा वाईट दोष. सोबत रीसेटच्या कामात आरटीएनएल मिळाल्यावर लगेच नेटइफ_रनिंग तपासा आणि इंटरफेस बंद असेल तर काही न करता परता. दुसरी वाट म्हणजे कामात आरटीएनएल_ट्रायलॉक वापरणं आणि लॉक न मिळाल्यास थोड्या वेळानं पुन्हा येणं. ती चालते. पण ट्रायलॉकमुळे लॉकडेपची तक्रार बंद होते, म्हणून तक्रार बुजवण्यासाठीही लोक तिचा आधार घेतात. शक्य तिथं पहिली वाट धरा.

दुसरं दुखणं: तोच टास्क तोच लॉक दोनदा मागतो. २०२१ च्या अखेरीस इंटेलच्या आयजीबी ड्रायव्हरमध्ये हेच दुरुस्त करावं लागलं. कर्नेलच्या नेटवर्क गाभ्यानं इंटरफेस उघडताना आणि इथटूलच्या कामाआधी झोपलेलं उपकरण जागं करायला सुरुवात केली, तेही आरटीएनएल धरून. ड्रायव्हरचं जागं होण्याचं फंक्शन मात्र स्वतःच आरटीएनएल घ्यायचं. म्यूटेक्स त्याच टास्कला दुसऱ्यांदा मिळत नसतो, त्यामुळे टास्क स्वतःचीच वाट पाहत बसला. इथं स्टॅकच्या टोकाला आरटीएनएल_लॉक असल्यानं तो बळी वाटतो, पण खालून वाचलं की डेव्ह_ओपन, त्यावर पीएम_रनटाइमचं रिझ्यूम, आणि त्यावर पुन्हा आरटीएनएल_लॉक दिसतं. बदल गाभ्यात झाला आणि मोडला ड्रायव्हर, हा या प्रकाराचा स्वभाव. म्हणून "ड्रायव्हर तर बदललाच नाही" हा युक्तिवाद इथं टिकत नाही.

या प्रकाराला तात्पुरता उतारा सोपा आहे: सिसएफएसमध्ये त्या इंटरफेसच्या डिव्हाइस/पॉवर/कंट्रोल या फाइलीत "ऑन" लिहा. उपकरण आपोआप झोपायचं थांबतं, आणि ती वाटच बंद होते. रीबूटनंतर हे टिकत नाही, यूडेव्हच्या (उपकरण सापडताच सेटिंग लावणाऱ्या सेवेच्या) नियमात घाला.

तिसरं, एनएपीआय_डिसेबल दोनदा. हे फंक्शन एनएपीआयचा एक बिट मोकळा होईपर्यंत थोडं झोपतं, बघतं, पुन्हा झोपतं, आणि मिळाला की तो बिट स्वतःकडे घेतं. एनएपीआय_इनेबल होईपर्यंत तो बिट मोकळा होत नाही. मधे पुन्हा डिसेबल बोलावलं की वाट अनंत. घडतं असं: रीसेटमध्ये ड्रायव्हर सगळं बंद करतो, पुन्हा उघडताना स्मृती मिळत नाही किंवा फर्मवेअर उत्तर देत नाही, फंक्शन चूक परतवून निघून जातं. इंटरफेस वापरकर्त्याला अजून चालूच दिसतो. मग कोणी तरी तो बंद करतं, एनडीओ_स्टॉप पुन्हा डिसेबल बोलावतं, आणि आरटीएनएलसकट कायमचं अडकतं.

इथंच तो बेपत्ता मालक. हंग टास्क तपासणी टास्कनं दोन तपासण्यांच्या दरम्यान एकदा तरी सीपीयू सोडला-घेतला का, ते पाहते. एनएपीआय_डिसेबल सतत छोट्या डुलक्या काढत असल्यामुळे हा आकडा वाढत राहतो आणि तपासणीला टास्क ठीक वाटतो. बळींची नावं छापली जातात, मालकाचं नाही. म्हणून यादीत कोणाच्याच खाली ड्रायव्हरचं फंक्शन दिसलं नाही, तर सिसआरक्यूच्या डब्ल्यूच्या यादीत एनएपीआय_डिसेबल शोधा. एका फेरीत नाही दिसला तर दोन-तीनदा घ्या, किंवा टीनं सगळे टास्क काढा. लॉकडेपही इथं आंधळं आहे, कारण ही वाट लॉकची नव्हे, बिटाची.

दुरुस्ती: ड्रायव्हरनं एनएपीआय चालू आहे की नाही याची स्वतःची खूण ठेवावी आणि त्यानुसारच डिसेबल बोलवावं. रीसेट फसल्यावर उपकरण नेटइफ_डिव्हाइस_डिटॅचनं वेगळं काढावं, म्हणजे अर्धमेल्या कार्डावर पुढचे आदेश येत नाहीत. ६.१४ पासून एनएपीआय_इनेबल आणि डिसेबल ही फंक्शनं उपकरणाचा स्वतःचा लॉक घेतात, हेही ध्यानात ठेवा. तो लॉक आधीच हातात असेल तिथं नावात "लॉक्ड" असलेली रूपं वापरायची. जुना बाहेरचा ड्रायव्हर नव्या कर्नेलवर बांधताना हमखास ठेच लागते ती इथं.

चौथ्या प्रकाराचं रूपच वेगळं. इथं हंग टास्क नव्हे, "सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंड्स" असा संदेश येतो, आणि मशीनचा एक सीपीयू शंभर टक्के जळत असतो. म्हणजे वाट झोपून नव्हे, स्पिनलॉकवर फिरत पाहिली जातेय. ड्रायव्हरनं साध्या टास्कमधून, समजा आकडेवारी देताना, साधा स्पिन_लॉक घेतला. त्याच सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर उरलेलं काम) आला आणि त्यातल्या टायमरनं किंवा पोल फंक्शननं तोच लॉक मागितला. सॉफ्टआयआरक्यू संपल्याशिवाय टास्कला सीपीयू नाही, टास्कनं लॉक सोडल्याशिवाय सॉफ्टआयआरक्यू संपत नाही. नियम एवढाच: लॉक सॉफ्टआयआरक्यूमध्येही घेतला जात असेल तर टास्कमध्ये स्पिन_लॉक_बीएच, हार्ड इंटरप्टमध्ये घेतला जात असेल तर सगळीकडे आयआरक्यूसेव्ह. सगळीकडे आंधळेपणानं आयआरक्यूसेव्ह लावणंही चालतं असं नाही. त्या पट्ट्यात झोपणारं फंक्शन असेल तर नवी भानगड.

याचाच भाऊ म्हणजे टायमर. लॉक धरून टायमर_डिलीट_सिंक बोलावलं, ज्याचं जुनं नाव डेल_टायमर_सिंक, आणि टायमरचं फंक्शन दुसऱ्या सीपीयूवर तोच लॉक मागतंय. आधी लॉक सोडा, मग टायमर थांबवा. स्वतःला पुन्हा लावणारा टायमर असेल तर ६.२ पासून टायमर_शटडाउन_सिंक आहे, त्यानंतर तो पुन्हा लागत नाही. लॉक धरून सिंक्रोनाइझ_आयआरक्यू किंवा यूएसबी_किल_यूआरबी बोलावणं हीही याच घराण्यातली चूक. यूएसबी इथरनेट अडॅप्टर उपटल्यावर मशीन अडकत असेल तर या दुसऱ्याकडे आधी पाहा.

उरला उलटा क्रम: एक वाट आरटीएनएल घेऊन ड्रायव्हरचा म्यूटेक्स घेते, दुसरी म्यूटेक्स घेऊन आरटीएनएल. क्रम ठरवा, आरटीएनएल नेहमी आधी, आणि तो कोडमध्ये टिपून ठेवा.

पुन्हा घडवून पाहणं

चाचणीच्या मशीनवर कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग आणि कॉन्फिग_डीबग_अॅटॉमिक_स्लीप लावलेलं कर्नेल घ्या. फेडोरासारख्या वितरणांत ते कर्नेल-डीबग नावानं तयारच मिळतं. लॉकडेपला खरा डेडलॉक व्हावा लागत नाही. दोन्ही वाटा वेगवेगळ्या वेळी एकेकदा चालल्या तरी क्रम उलटा आहे हे ते सांगतं. मात्र पहिल्या अहवालानंतर ते स्वतःला बंद करतं, त्यामुळे बूट होतानाच दुसऱ्याच मॉड्यूलची तक्रार आली असेल तर पुढची शांतता फसवी असते. मुक्त परवाना नसलेलं मॉड्यूल चढवलं तरीही ते बंद पडतं. लॉगमध्ये "डिसेबलिंग लॉक डीबगिंग" अशी ओळ येते. चाचणीआधी /प्रॉक/लॉकडेप_स्टॅट्समध्ये डीबग_लॉक्सपुढे १ आहे याची खात्री करा.

मग एका बाजूनं भरपूर ट्रॅफिक चालू ठेवून इंटरफेस बंद-चालू करण्याचं चक्र हजारभर वेळा फिरवा. दुसऱ्या टर्मिनलवर रांगांची संख्या, रिंगचा आकार आणि एमटीयू बदलत राहा, तिसऱ्यावर सिसएफएसमधून ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करा. झोपवणं-उठवणं आणि केबल काढणं हाताने करा. रीसेट फसण्याची वाट तपासायची तर स्मृती-वाटप मुद्दाम फसवणारी फॉल्ट इंजेक्शनची सोय वापरा, नाही तर एनएपीआयचा प्रकार महिनाभर दिसणार नाही.

हा दोष की सुरक्षेचं छिद्र?

ते ठरतं ही वाट कोण चालवू शकतं यावर. फक्त रूटच चालवू शकत असेल तर तो त्रासदायक दोष. पण साध्या वापरकर्त्याला यूझर नेमस्पेस उघडायची मुभा असेल, तर स्वतःच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये त्याला नेटवर्क प्रशासनाचा अधिकार मिळतो. खऱ्या कार्डाला तो हात लावू शकत नाही. पण व्हेथ, बाँड, ब्रिज, मॅकव्हीलॅन असे आभासी इंटरफेस बनवू-मोडू शकतो. अशा आभासी ड्रायव्हरमध्ये डेडलॉक असेल, तर आरटीएनएल एकच असल्यानं कंटेनरमधला माणूस अख्खं होस्ट अडकवतो. अशा स्थानिक सेवा-रोधी दोषाला सीव्हीएसएसमध्ये (दोषाची तीव्रता १० पैकी मोजणाऱ्या पद्धतीत) बहुधा ५.५ गुण मिळतात. दोषांच्या प्रकारांच्या यादीत वर्गीकरण सीडब्ल्यूई-६६७ किंवा ८३३. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेलचा प्रकल्प स्वतःच सीव्हीई (जाहीर सुरक्षा-दोषाचा) क्रमांक देतो, त्यामुळे असे अनेक दोष आता क्रमांकासह दिसतात. क्रमांक पाहून घाबरण्याआधी तो ड्रायव्हर तुमच्या मशीनवर चढलाय का, ते पाहा.

दुरुस्त कर्नेल येईपर्यंत: गरज नसेल तर यूझर.मॅक्स_यूझर_नेमस्पेसेस शून्य करा. रूट अधिकाराशिवाय चालणारे कंटेनर आणि काही ब्राउझरांचा सँडबॉक्स यानं मोडतो, म्हणून आधी तपासा. नको असलेल्या आभासी ड्रायव्हरला मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आदेशाच्या) सेटिंगमध्ये "इन्स्टॉल" ओळीनं /बिन/फॉल्सकडे वळवा, म्हणजे तो मागणीवरही चढणार नाही. आणि ज्या सर्व्हरजवळ रात्री कोणी नसतं तिथं केडंप लावून हंग_टास्क_पॅनिक १ करा. डंप घेतल्यानंतर मशीन आपोआप उठतं आणि सकाळी क्रॅश प्रतिमा हातात असते. डेस्कटॉपवर हे लावू नका, मंद यूएसबी डिस्कवर मोठी नक्कल चालू असतानाही १२० सेकंद सहज उलटतात.

दोष कळवताना कर्नेलची पूर्ण आवृत्ती, ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्ती, मालक आणि बळी या दोघांचे स्टॅक, आणि लॉकडेपचा अहवाल कापछाट न करता द्या. पत्त्यांच्या जागी ओळ क्रमांक आणायला कर्नेलच्या स्रोतात डीकोड_स्टॅकट्रेस ही स्क्रिप्ट असते. ती चालवताना नेमक्या त्याच बांधणीची डीबग माहितीसह असलेली व्हीएमलिनक्स फाइल द्या, नाही तर ओळी भलत्याच येतील.